बेहड्यातली बाय

झाडावर हातोड्याचा शिक्का मारण्याआधी तो बोटाच्या पेराने खोडावर दोनदा टकटक करायचा, कान लावायचा आणि विचारायचा, "कोन हाय का घरात?"

जव्हार संस्थानच्या जंगल खात्यात मी कारकून आणि तो रखवालदार. ठेकेदाराने कोणती झाडं तोडायची ते आम्ही दोघांनी खुणा करून द्यायचं. इकडे मी घामाने निथळतोय आणि ह्याचं आपलं प्रत्येक पोकळ झाडाशी बोलणं. "अरे, शिक्का मार आणि चल," मी वैतागायचो. "थांब रावसाहेब, तू कोनाच्या घरात इचारल्याबिगर शिरतोस का?" सगळ्या जगाला तो अरे-तुरे करी, दिवाणसाहेबांनासुद्धा. त्याचं कोणाला वाईट वाटलेलं मी तरी पाहिलं नाही.

जामसरच्या वाटेवर एक जुना बेहडा होता. एका चैत्रात तिथे त्याने कान लावला आणि हातोडा खाली ठेवला. "आत बाय हाय." वर पाहिलं तर ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मधे नुसती बोटभर फट. धनेश पक्ष्याची मादी म्हणे अंडी घालायला आत शिरते, दार लिंपून स्वतःला कोंडून घेते आणि उडायची पिसंही आतच गाळते. मग नराने दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून भरवायची. मला ती थाप वाटली. त्याने मला दोन तास झुडपात बसवून ठेवलं, तेव्हा पटली. तुम्हाला पटत नसेल तर तुम्हीही बसून बघा.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण ती टाळून त्याची सांगता येत नाही. माझ्या आईचे गुडघे धरले होते. धनेशाच्या तेलाने उतार पडतो, असं आमच्याकडे जो तो म्हणे. ठेकेदाराच्या माणसाशी मी सहज बोललो आणि आठ दिवसांत तेलाची बाटली घरी आली. पक्षी कुठला, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रखवालदार कचेरीत आला. "बेहड्यावरचा नर कोनी मारला?"

मी कागद चाळत राहिलो. मग म्हणालो, "ढोली फोडून सोडून देऊ तिला."

"पिसं नाहीत तिला. कोल्ह्याला द्यायची का?"

लांब बांबूचं टोक चिरून त्याने त्यात उंबर अडकवलं. खोडावर टकटक करायची आणि बांबू फटीशी धरायचा. तीन दिवस चोच बाहेर आलीच नाही. चौथ्या दिवशी बांबू हलला.

"घेतलं तिनं," हे सांगायला तो मुद्दाम माझ्या घरी आला. आई पडवीत गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. त्याची नजर बाटलीवर गेली. "आय, लई दुखतं का?" एवढं विचारून पायरीवर बसला आणि पाणी पिऊन गेला.

वैशाखात तो तापाने पडला. बायला उपाशी ठेवू नको, असा त्याचा निरोप आला. मग बांबू मी धरला. कचेरीला उशीर होई, साहेब बोलत, बोलू देत. माझ्या हातचं पहिलं उंबर तिने घेतलं तेव्हा मला रडू फुटलं. आसपास कोणी नव्हतं ते बरं झालं.

अशा एका सकाळी पाहतो तर लिंपण फुटलेलं आणि ती फांदीवर, नव्या पिसांनी. मला वाटलं संपलं सगळं, पण आतून पिल्लं फुटकं दार परत लिंपत होती. बाय उडाली आणि उंबर घेऊन परत आली. तिला आता माझी गरज नव्हती.

बांबू खांद्यावर तसाच घेऊन मी त्याच्या वाडीवर पळत गेलो. कुडाच्या दारावर टकटक केली. "कोणी आहे का घरात?"

त्याची बायको बाहेर आली. "तो परवा गेला," ती म्हणाली.

"बाय निघाली," एवढंच बोललो.

"रोज इचारायचा तिचं." ती दाराला धरून उभी राहिली. "आनि तुझं पन इचारायचा. रावसाहेबाच्या आयला त्या तेलाचा गुण आला का."