मिलची टाकी गळाली, पण आमची विहीर वाचली

बायांनो, आज सकाळी आमच्या एकोडीच्या राईस मिलची डिझेलची टाकी गळाली! बाजूलेच आमची विहीर. चहा चुलीवर सोडून धावली मी.

अस्सीच्या सालात असंच तेल विहिरीत उतरलं होतं. पावसाळाभर दुरून पाणी आणलं माय! मंग सरकारी साहेबानं टाकीभोवती भिंत बांधाले लावली. आमच्या ह्यायनंच बांधली, पण धानाच्या वावरातल्या बांधीले ठेवतेत तसं पाणी जायाले खाली भोक ठेवलं.

साहेब म्हणे, "अहो भाऊ, ही बांधी नाही. या भोकातून तेलही जाईल. पावसाचं पाणी उपसून काढा, पण भोक बुजवा!"

हे लय कुरकुरले, पण बुजवलं.

आज सारं डिझेल भिंतीच्या आतच रायलं. सुनेनं विहिरीतून बादली काढली, वास घेतला अन् वरडली, "आई, पाणी चांगलं आहे वं!" दोन गिलास पेली मी. देव त्या साहेबाचं भलं करो.

तुमच्या गावच्या टाकीले भिंत आहे का वं?