उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आमच्या मंडळीत सगळे डोळे मिटून प्रार्थना करत. बायबलबाई करत नसत. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्याकडे त्या टक लावून बघत, आणि तो समोर नसला तर त्याच्या घराच्या दाराकडे. पाळकसाहेबांनी एकदा हळूच टोकलं, तर म्हणाल्या, "डोळं झाकलं की मला मीच दिसते साहेब. मला त्यो दिसाया पायजे." डोळे मिटणाऱ्यांचं मी पुढे जे पाहिलं त्यावरून सांगते, सोलापुरातल्या आमच्या त्या ख्रिस्ती देवळात देवापुढे कसं बसायचं हे एवढ्या एका बाईला माहीत होतं.

बायबलबाई म्हणजे मिशननं नेमलेली बाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, बाळंतिणीची विचारपूस करायची. आमच्या बाई मूळच्या सांगोल्याकडच्या. पांढरं लुगडं, पायात टायरच्या चपला, खांद्याला जुन्या चादरीची शिवलेली पिशवी. पिशवीत शास्त्र आणि फडक्यात बांधलेली कडक भाकरी, कारण कुणाच्या घरी त्या जेवत नसत. एकाकडे जेवलं की दुसऱ्याकडे का नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं खरं नाव मला त्या गेल्यावर कळलं. सगळ्यांच्या तोंडी बाई, नाहीतर मावशी.

नावाशिवाय त्या प्रार्थना करत नसत. "सर्व दुःखितांना शांती दे" असली घाऊक प्रार्थना ऐकली की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "सगळ्यांला दे म्हनलं की आपून सुटतो," म्हणायच्या. "नाव घेतलं की त्येच्या घरला जावं लागतं." आणि त्या जायच्या. भर उन्हात गिरणीच्या चाळीपासून मिशन कंपाउंडापर्यंत, अनवाणी माणसालाही लाज वाटावी अशा त्या चपला फटाफट वाजवत. कुणी दार उघडलं नाही तर पायरीवर बसून, दाराकडे बघून, आतल्या माणसाचं नाव घेऊन उठायच्या.

आता मंडळीबद्दल सांगते, आणि गोड करून सांगत नाही. आमची एकच मंडळी होती आणि तिचे दोन तट होते. एक कंपाउंडवाले, म्हणजे मास्तर, नर्सबाई, ऑफिसातले लोक, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. दुसरे चाळवाले, म्हणजे गावाकडून गिरणीत आलेले, मागाहून बाप्तिस्मा घेतलेले. नवा पाळक कुणाच्या पसंतीचा यावर भांडण जुंपलं असं सगळे सांगत. खोटं आहे. कुणाचा आजा गावातल्या कुठल्या वाड्यातून आला, म्हणजे मूळची जात कुठली, हे भांडण होतं. पाणी डोक्यावर घेतलं, ते आत काही झिरपलं नाही. देवळाच्या दोन दारांना दोन तटांची दोन कुलपं लागली. चाळवाल्यांची उपासना आठला, कंपाउंडवाल्यांची साडेदहाला. आणि मध्ये काय? मध्ये कंपाउंडवाल्यांचा एक माणूस ओलं फडकं घेऊन आमची बाकं पुसायचा. माझी आई जिथे बसून उठली ते बाक. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर एकीवरचं प्रवचन ऐकताना मी ते बाकच बघत बसायचे.

उपासनेत प्रवचनाआधी आजाऱ्यांची, अडचणीतल्यांची नावं वाचायची आणि सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी मागायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. तट पडल्यावर आठच्या उपासनेत चाळीचे आजारी, साडेदहाला कंपाउंडाचे. बाई दोन्हीकडे बसायच्या. यादी संपली की उभ्या राहून पलीकडची नावं सांगायच्या. एकदा साडेदहाला त्या उठल्या, "चाळीतला शिमोन. यंत्रात बोटं गेल्यात."

कंपाउंडाचे सेक्रेटरी, निवृत्त हेडमास्तर, खुर्चीतूनच म्हणाले, "बाई, ते त्यांच्या वेळेत झालं असेल."

"झालं की साहेब. पर साडेधाला देव बदलतो का काय, म्हनून इचारते."

मागे कुणीतरी हसलं. सेक्रेटरींनी पुढचं गीत सांगितलं.

चाळीतही त्यांना मान होता असं नाही. आमचे पुढारी जॉबरमामा, गिरणीत चाळीस माणसांवर हुकूम चालवणारे, एकदा म्हणाले, "मावशे, तू कुणाची?"

"तुमची की."

"मग त्यांच्यात काय मरायला जातीस?"

"त्येंची बी हाय की," बाई म्हणाल्या आणि भाकरीचं फडकं सोडलं.

मी तेव्हा एकवीसची. महागाईच्या मोर्च्यांची पत्रकं लिहायची, युनियनच्या खोलीत सायक्लोस्टाइलवर काढायची, चौकात वाटायची. बाईंबरोबर मी हिंडू लागले ते भक्तीनं नव्हे. बाकं पुसणाऱ्यांविरुद्ध मला पुरावा हवा होता. बाईंनी कशाला म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "चल. बग. पर बगून हितंच ठेव."

जे पाहिलं त्यानं मी चक्रावले. तोंडावर बाईंना झिडकारणारे ते दोघेही त्यांच्याकडे यायचे. सेक्रेटरी पहाटे फिरायला म्हणून निघायचे आणि बाईंच्या खोलीत मुलासाठी रडायचे. जॉबरमामा पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी येऊन मुलीचं दुःख सांगून जायचे. दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. ते गेले की बाई एकामागून एक दोन्ही नावं घेऊन त्यांची दुःखं देवाला सांगायच्या, उघड्या डोळ्यांनी, आणि मी शेजारी बसलेली असायचे.

तीन वर्षं पायऱ्या झिजवून बाईंनी एक गोष्ट जमवत आणली होती. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दोन्ही तटांची एकच उपासना, आणि नावांची एकच यादी. दोघेही नाइलाजानं का होईना, हो म्हणाले होते. त्यापेक्षा दुसरं काही बाईंना आयुष्यात हवं होतं असं मला वाटत नाही. त्या आठवड्यात त्या चालता चालता पुटपुटत असत. जवळ जाऊन ऐकलं तर नावंच.

आणि मी पत्रक काढलं.

मला वाटलं, ढोंग उघडं पाडलं की भिंत पडेल. मोर्च्यात तसंच करतात. "दोन कुलपं, एक देव" असा मथळा दिला. बाकांचं लिहिलं, ते खरंच होतं, त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. पण खाली लिहिलं की दोन्ही तटांचे दोन पुढारी चोरून एकाच बाईच्या खोलीत रडायला जातात, आणि कशासाठी रडतात तेही लिहिलं. नावं दिली नाहीत. द्यायची गरजच नव्हती. त्या ओळी इथे पुन्हा लिहीत नाही. एकदा लिहिल्या ते पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीवर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी शिमोनची बायको त्यांना रस्त्यात बघून पलीकडच्या कडेनं गेली. मी खोलीवर गेले तेव्हा बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"त्येंनी म्या वर पोचवावं म्हनून दिलं हुतं," त्या म्हणाल्या. "तू ते चौकात नेऊन वाटलंस."

"मावशी, मी नावं नाही टाकली."

"त्या दोन्ही बापांला कळलं. त्येंच्या लेकरांला कळलं. मग काय ऱ्हायलं?"

मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. रडले नाही, तेव्हा त्यांनी मान वळवली. त्या माझ्यावर एवढ्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि तो राग मी कमावलेला होता.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या बुधवारी दोन्ही तटांच्या पंच कमिट्यांची एकत्र सभा भरली. दोन्ही किल्ल्या एकाच वेळी देवळाच्या दारात आल्या, सेक्रेटरी आणि जॉबरमामा एका बाकावर बसले. तीन वर्षांनी एकी झाली, आणि ती झाली बाईंना काढून टाकण्यासाठी. सभेची सुरुवात एकीसाठीच्या प्रार्थनेनं झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. बाई एकेकाकडे बघत होत्या. मला त्या मिटलेल्या पापण्यांची जी शिसारी आली ती शब्दांत मांडायचा प्रयत्न मी करत नाही.

मी उठून सांगितलं, "पत्रक मी लिहिलं. बाईंनी मला काही सांगितलं नाही, त्या देवाशी बोलत होत्या."

सेक्रेटरी म्हणाले, "तुझ्यादेखत?"

बाई म्हणाल्या, "व्हय. माज्याच तोंडातनं गेलं. पोरीला म्याच संगं नेली हुती." ठराव झाला. बाईंची नेमणूक संपली, खोली खाली करायची ठरली. शुक्रवारी उपासना दोन झाल्या, आठला आणि साडेदहाला.

बाई मोडनिंबला भाचीकडे निघाल्या, तेव्हा एसटी स्टँडवर एकटी मीच होते. मी म्हणाले, "मावशी, मी त्या दोघांना सोडणार नाही."

"सोडू नगंस. रोज नाव घे त्येंचं."

"माझ्या तोंडून निघणार नाही. किळस येते."

"मग आदी देवाला तीच सांग." त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. "तुला काय वाटतंय, मला येत नव्हती? त्यो बाकं पुसायला लागला की वाटायचं, फडकं हिसकावून घ्यावं आन् शेक्रेटरीच्या तोंडावर फेकावं."

"मग काय करायच्या?"

"काय करनार. त्येच्याच दारात जाऊन बसायची. किळस संपायची वाट बगितली आस्ती तर घरातनं भाईरच पडले नसते." शेंगावाला, कंडक्टर, रडणारी पोरं, या सगळ्यांच्या मध्ये त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "घे की नाव. हितंच."

मी तोंड उघडलं. आलं नाही. त्यांनी मदत केली नाही. गाडी लागली, त्या चढल्या, खिडकीतून बघत होत्या.

थंडीत भाचीचं कार्ड आलं, मावशी गेली म्हणून. साध्या तापानं. कार्ड मी पाळकसाहेबांना नेऊन दिलं. रविवारी ते दोन्ही उपासनांत वाचलं गेलं, वेगवेगळं. मधल्या वेळात बाकं पुसली गेली.

त्या सोमवारी मी सेक्रेटरींच्या कंपाउंडामागच्या गल्लीतल्या घरी गेले. खिडकीतून त्यांनी मला पाहिलं आणि कडी घातली. मी पायरीवर बसले. दाराकडे बघून म्हटलं, देवा, या माणसाची मला किळस येते. मग त्यांचं नाव घेतलं. मग त्यांच्या मुलाचं. पुढचा सोमवार. त्याच्या पुढचा. गल्लीतली पोरं चेष्टा करायची. समोरच्या पद्मशाली विणकराची म्हातारी मला पाणी आणून द्यायची.

पाचव्या सोमवारी मी उठून निघाले, तेव्हा दारामागून खोकल्याचा आवाज आला. दार उघडलं नाही.

"चाळीत जाणार आहेस का?" सेक्रेटरी आतून म्हणाले.

"जाणार आहे."

आत खुर्ची सरकली. मग म्हणाले, "जॉबरला विचार. पोरगी कशी आहे म्हणावं."

मला त्या माणसाची किळस येत होती. अजून येते. निरोप घेऊन मी चाळीकडे निघाले.