बिनरंगाची जिलेबी

"कोणाकडून आलास?" गिऱ्हाइकापुढे पाण्याचा ग्लास ठेवण्याआधी मामा हे विचारायचे. शहागडला मोठ्या रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं हॉटेल होतं. तुम्हीही असा एखादा हॉटेलवाला पाहिला असेल, ज्याला समोरचा प्रत्येक माणूस सरकारी वाटतो.

तेव्हा मी जालन्याला शिकत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गावाहून जाताना बस तिथे थांबायची. माझा इस्त्रीचा शर्ट पाहून मामांनी बरेच दिवस मला जिलेबी दिलीच नाही. "संपली," म्हणायचे. समोर परात भरलेली.

त्यांचं तरी काय चुकत होतं? एक दिवस खरोखरच अन्नतपासणीचे साहेब उतारू बनून आले आणि जिलेबीचा नमुना घेऊन गेले. कपड्याचा पिवळा रंग खाण्यात घालायला बंदी आहे, पुन्हा सापडला तर खटला आणि हॉटेलला कुलूप, असं बजावून. मामांनी रंगाची पुडी चुलीत टाकली.

आता जिलेबी पांढुरकी निघू लागली आणि उतारू बिचकले.

"शेठ, कालची हाय का?"

"आत्ता काढली, दादा. सरकारनंच सांगितलंय, रंग बिलकुल न्हाई."

"सरकारनं? मंग तर नकोच! आधी तुम्ही खाऊन दाखवा."

मामा खायचे. गिळून तोंड उघडून दाखवायचे. हसत हसत दोघे-चौघे घ्यायचे.

एकदा त्यांनी मलाच पुढे ओढलं. "हे कॉलेजातलं पोरगं हाय. खा रे, सांग यांना."

मी खाल्ली. "चांगली आहे," म्हणालो, पण आवाज इतका दबका निघाला की कंडक्टर म्हणाला, "मामा, हा तुमचाच माणूस दिसून राह्यला!" मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा धंदा बुडवायलाच आलो होतो.

मामी आतून बोलल्या, "साखरेची बिमारी हाय यांना. डॉक्टरनं गोड बंद केलंय, आन् हे दर गाडीला एक खाऊन राह्यले."

मामांच्या पायाला चिंधी बांधलेली होती. जखम भरत नव्हती.

"मग खाऊ नका ना, मामा," मी म्हणालो.

"न्हाई खाल्ली तर म्हणतील, ह्याचाच भरोसा न्हाई. लोकांना सवय होऊ दे. मंग सोडतो."

दिवाळीच्या सुट्टीनंतर बस थांबली, तेव्हा कढईपाशी दुसराच माणूस होता. मी मामांचं विचारलं.

"पाय सडला त्यांचा. गेले," झारा न थांबवता तो म्हणाला. "मामी माहेरी गेल्या. हॉटेल आता माझ्याकडं हाय."

परातीत जिलेबी झेंडूसारखी पिवळीधमक होती. उतारूंची झुंबड उडाली होती. कोणी काही विचारत नव्हतं. मी न घेताच बसमध्ये जाऊन बसलो.

बस सुटली. पुढच्या बाकावर एक पोरगं आईच्या मांडीवर बसून आपली पिवळी बोटं एकेक करून चाटत होतं.