चौदावं तिकीट

शकूमावशींच्या हातात कुठलाही छापील कागद दिला, की त्या आधी तो उलटा करत. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर आमच्या टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या लायब्ररीचं माहितीपत्रक असो, कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा आणि मागची बाजू पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली जायची. पुढची बाजू सवडीने. "पुढे छापतात ते माणसाला खूश करायला. भानगड सगळी मागे असते," असं त्यांचं मत होतं. एकतीस वर्षं साताऱ्याच्या एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीमागे काढलेल्या बाईचं हे मत, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी घातला आणि हरलो.

मेधा आमच्या समोरच्या घरात राहते. शकूमावशी म्हणजे तिची आई, मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी टेक्सासला आली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत गेली. आमची ओळख झाली ती ड्राइव्हवेमध्ये. मी एअरपोर्टला निघालो होतो, बॅग गाडीत टाकत होतो, तेवढ्यात रस्त्यापलीकडून प्रश्न आला, "कुठून कुठपर्यंत?" म्हटलं, डॅलसहून शिकागो. थेट की बदलून, हे त्यांनी विचारलं. मग परतीचं तिकीट काढलंय का, हे विचारलं. मी काढलं नव्हतं. काम कधी संपेल याचा नेम नव्हता. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विमानात बसायच्या आधी परतीचं तिकीट काढून टाकलं. नाव-गाव नंतर कळलं.

त्यांचा उन्हाळा म्हणजे महाबळेश्वरचा हंगाम. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं साताऱ्यात उतरून पुढच्या गाडीसाठी खिडकीवर तुटून पडत. लहान मुलं, फळांच्या टोपल्या, नवी लग्नं झालेली जोडपी, सगळ्यांना मावशींनी वर घाटात धाडलं. मेधा एकदा सहज म्हणाली, की आई स्वतः महाबळेश्वरला एकदाही गेलेली नाही. मला खरं वाटेना. साताऱ्याहून जेमतेम दीड-दोन तासांची वाट. पण हंगामात रजा मागणं मावशींना प्रशस्त वाटत नसे, हंगाम नसताना मुलीची शाळा असे, आणि निवृत्त झाल्यावर यजमानांचं चार वर्षांचं आजारपण निघालं. मावशी हे सांगताना अजिबात हळहळल्या नाहीत. "खिडकीच्या आत बसणाऱ्याने गाडीकडे बघायचं नसतं, रांगेकडे बघायचं," एवढंच म्हणाल्या. हळहळलो ते आम्ही.

मेधाच्या फ्रिजवर एक कॅलेंडर होतं. त्याच्या जुलैच्या पानावर उत्तरेकडच्या डोंगरांतलं एक तळं होतं, निळंहिरवं, मागे बर्फाची शिखरं आणि मधोमध एक छोटी लाकडी बोट. तळ्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, तिकिटं आधीच मिळत नाहीत. मावशी एप्रिलमध्येच ते जुलैचं पान उघडून ठेवत. कोणीतरी महिना बदलला, की त्या पुन्हा जुलै करत. एक दिवस चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं, "इथे गाडी कुठून सुटते रे?" एकतीस वर्षं लोकांना हेच सांगत आलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी हा प्रश्न विचारला होता, आणि ते तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या चार मराठी घरांनी ठरवलं, की मावशींना ते तळं दाखवायचं. नागपूरचे निवृत्त डॉक्टरकाका तर म्हणाले, की ही बोट चुकली तर आपण सगळे कसले इंजिनियर आणि कसले डॉक्टर.

मी उत्साहाच्या भरात विमानाची तिकिटं काढली, हॉटेल घेतलं, दोन व्हॅन सांगून ठेवल्या. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोटीचं झालं?" बोटीचं झालं नव्हतं. त्या बोटीची उन्हाळ्याची तिकिटं एका ठरलेल्या शनिवारी तिथल्या सकाळी आठला, म्हणजे आमच्या नऊला, इंटरनेटवर खुली होणार होती. पलीकडच्या काठापर्यंत जाणारी बोट दिवसातून एकच, जागा चाळीस. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला नाही, पण हातातल्या वहीवर पेन आपटलं. मग वेबसाइटवरच्या सूचना मेधाकडून कागदावर छापून घेतल्या आणि दोन दिवस वाचल्या. निवडलेली जागा पंधरा मिनिटं धरून ठेवतात. नाव ओळखपत्रावर असेल तसंच लागतं. एकदा घातलेलं नाव बदलत नाही. रद्द झालेली जागा त्याच क्षणी पुन्हा विक्रीला येते. हे सगळं त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं आणि वहीतली प्रवाशांची यादी वाचून दाखवली, घराघराने, वयासकट. आम्ही माना डोलावल्या आणि यादीचे फोटो काढून घेतले.

वाद झाला तो रांगेवरून. मी म्हटलं, चार घरांतून चार लॅपटॉपवर ट्राय करू, चान्स वाढतो. मावशी म्हणाल्या, "रांगेत एकच माणूस उभा करायचा. बाकीच्यांनी सावलीत बसायचं. चौघं खिडकीत हात घालतात तेव्हा एकालाही तिकीट मिळत नाही." मी हसून सांगितलं, की मावशी, तुमच्या वेळी खिडकी होती, ही सिस्टिम आहे, आणि असल्या सिस्टिम्स मी ऑफिसात रोज चालवतो. त्या गप्प बसल्या. गप्प बसल्या याचा अर्थ पटलं असा मी घेतला.

शनिवारी नऊला चारही घरं फोनवर एकत्र होती. नऊ वाजून काही सेकंदांत माझ्या स्क्रीनवर तेरा जागा धरल्या गेल्या. मी ओरडलो, मिळाल्या. डॉक्टरकाका ओरडले, मलाही मिळाल्या. तिसऱ्या घरातूनही तेच. आणि मग सुरू झालं ते आपलं नेहमीचं. डॉक्टरकाका म्हणाले, "तुझं आलंय ना, मग तूच कर." मी म्हटलं, छे काका, तुम्ही मोठे, तुम्ही करा. तिसरं घर म्हणालं, आम्ही करतो, पण तुम्ही कोणी केलं असेल तर डबल होईल, आधी तुम्ही कॅन्सल करा. कोणाचं कार्ड वापरायचं, मागून हिशेब कसा करायचा, यावर इतका आग्रह झाला, की जेवणाच्या पंगतीतही होत नसेल. या सौजन्यात पंधरा मिनिटं गेली. तिघांच्याही स्क्रीनवरून जागा एकदम उडाल्या आणि आमच्या तारखेसमोर एकही जागा शिल्लक नाही असं दिसायला लागलं. मी लॅपटॉप मिटला. विमान, हॉटेल, व्हॅन सगळं होतं आणि ज्यासाठी होतं ते नव्हतं.

माफी मागायला मी रस्ता ओलांडून गेलो. मेधा सोफ्यावर डोकं धरून बसली होती. मावशी मात्र डायनिंग टेबलाशी ताठ बसल्या होत्या, समोर लॅपटॉप, शेजारी वही, आणि एका बोटाने थोड्या थोड्या वेळाने पान ताजं करत होत्या. मी म्हटलं, मावशी, संपलं सगळं.

"कोणी घेतलं?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "तुम्ही तिघांनी धरली होती ना? एकाने तरी विकत घेतली का?"

मी नाही म्हटलं.

"मग संपली कशी? धरलेली जागा वेगळी आणि विकलेली जागा वेगळी. आमच्याकडेही वाटेतल्या स्टँडवरून लोक फोन करून जागा धरून ठेवायचे. वेळेत माणूस आला नाही, की जागा माझ्याकडे परत. मघाशी एक दिसत होती, पण एका जागेचं काय करायचं? ती कोणीतरी नेली. बाकीच्या तुमच्याच हातात अडकल्यात, सुटायला जरा वेळ लागतो. बस खाली. खिडकी सोडायची नाही."

मी बसलो. दोन मिनिटं काही नाही. मग त्या पानावर आधी तेरा जागा आल्या, मग सव्वीस, मग एकोणचाळीस. मावशींनी त्यातल्या तेरा धरल्या. "वाच," त्या म्हणाल्या. मी वहीतून एकेक नाव वाचत गेलो आणि त्या एकेक अक्षर दाबत गेल्या. मला मधेच लॅपटॉप ओढून घ्यावासा वाटत होता. चार मिनिटं उरली असताना तेरावं नाव पूर्ण झालं, मेधाने कार्ड पुढे केलं आणि तिकिटं आमची झाली. मी लहान मुलासारखा नाचलो. मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला, पाण्याचा पेला उचलला आणि म्हणाल्या, "तुझी सिस्टिम चांगली आहे. खिडकीसारखीच आहे."

संध्याकाळी आमच्याकडे सगळे जेवायला जमले. माझी मुलगी रिया व्हॅनमध्ये कोणी कुठे बसायचं ते लिहीत होती. सात अधिक सात, चौदा माणसं. तिने छापलेल्या तिकिटांवरून नावं घेतली, बोटं मोजली, पुन्हा मोजली. "डॅड, देअर आर ओन्ली थर्टीन," ती म्हणाली. "आजीचं कुठंय?"

वही उघडली. चार घरं, तेरा नावं, तेरा वयं. मावशींनी स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं. ती यादी आम्ही सगळ्यांनी ऐकली होती, फोटो काढले होते, मी तर त्याच सकाळी ती मोठ्याने वाचली होती. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिचंच नाव नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

मावशी स्वतः क्षणभर वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खिडकीवरच्या माणसाचं नाव चार्टवर नसतं. सवय गेली नाही बघ." डॉक्टरकाका लगेच म्हणाले, की माझं तिकीट तुम्ही घ्या. त्यावर मावशींनीच त्यांना नियम सांगितला, की नाव बदलत नाही, आणि रद्द केलं तर ती जागा जगातल्या कोणाच्याही हाती लागेल. त्यांचं वाचून झालेलं होतं. "मी काठावर बसेन. सामान सांभाळायला कोणीतरी लागतंच," असं म्हणून त्या ताटं उचलायला उठल्या. मला त्या शांतपणाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीवर बसायला लागलो. त्यांनीच वाचून दाखवलं होतं, की रद्द झालेली जागा त्याच क्षणी विक्रीला येते. मग ती येईपर्यंत कोणीतरी तिथे असायला हवं, आणि एकच कोणीतरी. बाकीच्यांना मी सावलीत बसवलं. सकाळचा कॉफीचा कप, ऑफिसच्या मीटिंगा, दुपारचं जेवण, सगळीकडे ते पान उघडं असायचं. एप्रिल गेला, मे गेला. बायको म्हणाली, यार, तुला वेड लागलंय. जूनमध्ये एका मंगळवारी मीटिंगमध्ये मीच बोलत असताना शून्याचा एक झाला. मी वाक्य अर्धं टाकून बटण दाबलं. जागा धरली गेली, आणि पुढच्या रकान्यात पूर्ण नाव मागितलं तेव्हा मी अडलो. तीन महिने रोज भेटणाऱ्या या बाईंचं आडनाव मला माहीत नव्हतं. मेधाचं सासरचं माहीत होतं, मावशी म्हणजे फक्त मावशी. मी फोन लावला.

"मावशी, पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव सांगा."

"कोणाचं?"

"तुमचं."

त्यांचा आवाज आला, एकदम वेगळा, खिडकीच्या बाहेरून बोलणाऱ्या माणसासारखा जरा अजिजीचा. "शकुंतला वामन जंगम. वय बहात्तर. ज्येष्ठ नागरिक." आणि मग हळूच, "कुठून कुठपर्यंत काढतोयस?"

"या काठावरून त्या काठापर्यंत," मी म्हटलं. "आणि परतीचं."

जुलैत आम्ही गेलो. सकाळची थंडी होती, मावशींनी साडीवर मेधाचं जाकीट घातलं होतं आणि डोक्याला स्कार्फ बांधला होता. धक्क्यावर उभी असलेली मुलगी तिकिटं तपासत होती. मावशींनी आपला कागद आधी उलटा करून पाहिला, मागे काही छापलेलं नव्हतं, तेव्हा समाधानाने तिच्या हातात दिला. मुलीने पेनाने त्यावर खूण केली आणि परत दिला, तो त्यांनी घडी न घालता पर्समध्ये ठेवला. बोटीत आम्ही त्यांना सगळ्यात पुढच्या बाकावर बसवलं. पाणी कॅलेंडरपेक्षाही निळं होतं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या बाकावर वळून आमच्याकडे बघत होत्या. मला कळलं, त्या माणसं मोजणार. गाडी सुटायच्या आधी मोजायची, ही एकतीस वर्षांची सवय. मला वाटलं, आता त्यांचा हिशेब पुन्हा तेरावर थांबणार.

त्यांनी उजवा हात वर केला, तळवा आधी स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "एक." मग एकेकाकडे बोट करत चौदापर्यंत आल्या, बोट चालवणाऱ्याला मान हलवून निघायला सांगितलं, आणि आमच्याकडे पाठ करून तळ्याकडे बघत बसल्या.