हायदे!

बुकित बातोकला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक बल्गेरियन गृहस्थ राहायचे. त्यांचा सगळा कारभार 'हायदे' या एका शब्दावर चाले. चला, उठा, आवरा, सगळं त्यातच. तुर्कांपासून रशियनांपर्यंत थोड्याफार फरकाने सगळे तो वापरतात म्हणे. हे तर लिफ्टलाही 'हायदे' म्हणत, न उकळणाऱ्या किटलीलाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी आई पलंग सोडेना. आम्ही मराठीत विनवून थकलो. यांनी दारातूनच 'हायदे!' म्हटलं आणि बाई चक्क उठली. मला रागच आला.

परवा ते कायमचे मायदेशी निघाले. सामान खाली गेलं, टॅक्सी आली, तरी हे लिफ्टचं दार पायाने अडवून उभेच. लिफ्ट केकाटत होती.

"हायदे रे बाबा," म्हणत आई काठी टेकत पुढे झाली आणि त्यांच्या आधी लिफ्टमध्ये शिरली.