यादोरावचा दोनशे तेरावा तवा

दरेकशाच्या स्टेशनवर उतरून डोंगराकडे पाठ केली आणि चालू लागलं, की सातव्या घराच्या छपरावर एक कर्णा दिसतो. मोठ्या तोंडाचा, पत्र्याचा. त्यातून आवाज निघून बरीच वर्षं झाली. आत चिमण्यांनी संसार मांडला आहे. तरी दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी यादोराव शिडी लावतो आणि कर्ण्याला बाहेरून निळा रंग देतो. आत हात घालत नाही. चिमण्यांना कळू नये इतक्या हळू रंगवतो.

हे घर 'यादोराव लाऊडस्पीकर सर्व्हिस'चं. सालेकशापासून डोंगरापलीकडच्या पाड्यांपर्यंत कुठेही लग्न असो, जयंती असो, यादोरावची बैलबंडी गेल्याशिवाय मांडवाला मांडव म्हणत नसत. रेकॉर्डला आमच्याकडे तवा म्हणतात. यादोरावकडे सागाच्या दोन पेट्या भरून तवे होते. तवा विकत आणला, ऐकला, मनास आला, की तो त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालायचा आणि खाली आपलं नाव. मनास आला नाही तर नंबर नाही. असे दोनशे अकरा नंबर झाले. दोनशे अकरावा त्र्याण्णव साली पडला. त्यानंतर कॅसेटी आल्या आणि यादोरावने ब्रश धुऊन ठेवला.

त्याच्याकडे एक विद्या होती. शिकवणारा कोणी नव्हता, त्याची त्यानेच शिकली. तवा उन्हात तिरपा धरून तो नुसत्या डोळ्यांनी गाणं वाचायचा. गळा कुठे लागला आहे, पेटी कुठे वाजते आहे, नुसती ढोलकी कुठे उरली आहे, हे त्याला रेघांच्या चमकेवरून कळायचं. "हे पाहा, इथं गाणारा दम घ्याले थांबला," तो बोट न लावता दाखवायचा. आम्हाला काळ्या रंगाशिवाय काही दिसत नसे. मग तो सुई बरोबर तिथे ठेवायचा आणि खरंच गाणारा थांबलेला असायचा.

या विद्येनेच त्याचं नाव खराब केलं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आमच्याच गावच्या टिकारामचं लग्न होतं. नवरी अल्का स्टेशनटोलीची. वरात गावाच्या त्या टोकापासून स्टेशनटोलीपर्यंत जायची, म्हणजे विडी विझायच्या आत पोहोचावी इतकंच अंतर. बंडीवर बॅटरी, बॅटरीजवळ यादोरावच्या तवा वाजवायच्या दोन मशिनी. एकीची मोटर तापायची म्हणून त्याने दुसरी घेतली होती. जे तवे लोक फार मागायचे, तेही तो दोन-दोन ठेवायचा. एक फुटला तर लग्न मुकं राहू नये. आता बंडी चालली की सुई उडते. म्हणून वरातीचा नियमच होता: गाणं लागलं की बंडी उभी, गाणं संपलं की बंडी पुढे.

त्या दिवशी एका गाण्याच्या मध्यावर ढोलकीचा तुकडा आला. जेमतेम दहा-बारा ठोके. पोरं अशी नाचली की धूळ घरांच्या वर गेली. तुकडा संपला, गाणारा परत आला आणि पाय ढिले पडले. यादोरावने ते पाहिलं. त्याने त्याच गाण्याचा दुसरा तवा दुसऱ्या मशिनीवर ठेवला, मधल्या कागदी गोलावर चुन्याचा ठिपका लावून जागा धरली, आणि इकडची ढोलकी संपता संपता तिकडची सोडली. तिकडची संपेपर्यंत इकडची हाताने मागे फिरवली. ठिपका समोर आला की सोडायची. दहा-बारा ठोक्यांचा तुकडा तासभर चालला. कुठे सांधा कळला नाही. मी तिथे होतो. बंडीचे बैलसुद्धा मान डोलवत होते, असं मी आजही सांगतो.

पण गाणं संपलं नाही, म्हणून बंडी हलली नाही. बंडी हलली नाही, म्हणून वरात हलली नाही. लग्न लावायला गोंदियाहून आलेले बौद्धाचार्य स्टेशनटोलीच्या मांडवात वाट पाहत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दुसरीकडे लग्न लावायचं होतं. संध्याकाळच्या पॅसेंजरने शिटी दिली, तसे ते उठले आणि गेले. पांढऱ्या कपड्यातला टिकाराम गाडीमागे फलाटाच्या टोकापर्यंत धावला. लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी लागलं. पंगतीचा भात पुन्हा शिजवावा लागला.

तेव्हापासून गावात म्हण म्हणा, टोमणा म्हणा, एकच झाला. कोणी तेच ते बोलू लागलं की दुसरा म्हणायचा, "काय गा, यादोरावचा तवा झाला का तुहा?" टिकाराम तर त्याला रस्त्यात बघून गोल गोल बोट फिरवायचा. यादोराव हसायचा. पण त्या दिवसानंतर त्याने ढोलकीचा तो फेरा कधी केला नाही. तवा पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सरळ वाजवायचा. दोन मशिनी होत्या, एकीवर कायम फडकं.

दोन हजार दहाच्या हिवाळ्यात त्याची मुलगी रंजिता सुटीवर आली. ती नागपुरात नर्स होती. चुलीजवळ बसून ती बापाला म्हणाली, "बाबा, होस्टेलमधल्या एका पोरीच्या कॉम्प्युटरवर मी एक ऐकलं. अमेरिकेतल्या कोन्या माणसानं जुने तवे जोडू-जोडू पुरा नवा तवा बनवला. गाणारा नाही. नुसता बाजा. तुमच्या फेऱ्यासारखा."

"माह्या फेऱ्याचं नाव काढू नोको."

"हिपहॉप म्हणतात त्याले. लोक मोठा मान देतात त्या माणसाले, बाबा."

यादोरावने काटकी मोडून चुलीत टाकली. मग म्हणाला, "कायचा मान? सुई अटकल्याचा?"

"आणलं आहे मी. मोबाईलमध्ये आहे. ऐकता?"

"मोबाईलवर कानाले फसवता येते. तव्यावर नाही येत. तवा मिळते का त्याचा?"

कुसुमबाई, यादोरावची बायको, भाकरी थापता थापता थांबली. सतरा वर्षांत तिने हा प्रश्न ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मिळत असन तं घ्या. कायले मनात ठेवून राहिले? एकडाव पाहून घ्या, तुमी चुकले का नाही ते."

हेच होतं. तिने बरोबर बोट ठेवलं. त्याला तवा नको होता. तेवीस वर्षांचा निकाल हवा होता.

रंजिताने शोधून, तो तवा असलेल्या मुंबईतल्या एका दुकानाचा नंबर काढला. दरेकशात तेव्हा मोबाईलची रेंज फलाटाच्या टोकालाच यायची, जिथपर्यंत टिकाराम धावला होता तिथेच. बाप-लेक तिथे जाऊन उभे राहिले. मीही होतो.

"भाईसाब, वो तवा हाथ में लो," यादोराव ओरडला.

"तवा? अच्छा, रेकॉर्ड. चाचा, पहले बता दूँ, इसमें कोई गाता नहीं है. बाद में बोलोगे खराब माल दिया."

"गानेवाले मेरे पास दो पेटी है. तुम उजाले में जाओ."

"कहाँ जाऊँ?"

"दुकान के बाहर. धूप में. ट्यूबलाईट में नहीं दिखता."

थोडा वेळ फोनमधून नुसते मोटारींचे भोंगे आले. "आ गया. अब?"

"आडवा पकडो. आँख के सामने. जैसे सुतार फळी देखता है. वाकडा है क्या?"

"नहीं, एकदम सीधा है."

"अब थोडा तिरपा करो. पहली पट्टी में चमकता है?"

"हाँ... चमकता है. फिर नहीं. फिर चमकता है. फिर नहीं. सब एक नाप का. चाचा, तीस साल से बेच रहा हूँ, किसी ने ऐसे नहीं पूछा. आप डीजे हो क्या?"

यादोरावने मफलर सारखा केला. "लाऊडस्पीकरवाला हूँ," तो म्हणाला. "दरेकसा. जिल्हा गोंदिया. भेज दो."

धान नुकतंच विकलं होतं, म्हणून पैशाला अडलं नाही. बाराव्या दिवशी पोस्टमन सुकराम आला. ते चौकोनी पार्सल त्याने कॅरिअरला बांधलं नव्हतं. सालेकशापासून एका हाताने छातीशी धरून, दुसऱ्या हाताने हँडल सांभाळत आणलं होतं. "वाकलं तं तुम्ही मले गावात राहू देणार नाही, म्हून," तो म्हणाला.

यादोरावने हात धुतले, पुसले आणि खोकं उघडलं. आतल्या कागदावर एक फोटो होता. एक अंधारी खोली, टेबलावर दोन मशिनी, शेजारी तव्यांची चळत. वरच्या तव्याच्या मधल्या कागदी गोलावर कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवलेली. यादोराव त्या चिठ्ठीकडे बघत राहिला. मग उठून पेटीतून सत्त्याऐंशीचे ते दोन तवे काढून आणले. गोलावर चुन्याचे ठिपके अजून होते, पिवळे पडलेले. त्याने ते फोटोशेजारी ठेवले. कुसुमबाईने ठिपका बघितला, चिठ्ठी बघितली, आणि पदराने मशिनीवरचं फडकं ओढून काढलं.

नवीकोरी एकच सुई उरली होती. बामच्या डबीत कापसात ठेवलेली. यादोराव म्हणायचा, ही रंजिताच्या लग्नाची. रंजितानेच ती डबी त्याच्या हातात दिली.

दुपारी अंगणात तवा लागला, तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. टिकाराम आणि अल्काही आले होते. गावात पार्सलची बातमी पार्सलाआधीच पोहोचली होती. पहिला ठोका पडला. खोल, दमदार. मागून कुठल्याशा जुन्या बाजाच्या तारा, आणि कोणाचा तरी अर्धाच श्वास. तेच फिरून आलं. पुन्हा आलं. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना बायकांचे हात एकाच चालीने चिखलात जातात, वर येतात, आणि बघता बघता शेताची बांधी हिरवी होते, तसं ते एकाच चालीने भरत गेलं.

"हा बी अटकला ना गा!" टिकाराम म्हणाला. दोघे-तिघे हसले.

अल्का हसली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "त्या दिवशी मी आत पाटावर बसली होती. ढोलकी ऐकून माहे पाय हालत होते. मामी दाबून धरे. मले वाटे, गाडी गेली तं जाऊ द्या, हे संपू नये."

"अन् हे तू आज सांगून राहिली?" टिकाराम चमकलाच.

"तुमी कधी इचारलं?"

आता सगळेच हसले, आणि टिकारामलाही हसावं लागलं. यादोरावचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तो गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्याने बोट वर केलं.

"इथं. ऐकलं का? इथं त्यानं उशीर केला. अर्धा ठोका. मी असतो तं आधीच सोडली असती."

रंजिता म्हणाली, "बाबा, तो दुनियेत गाजलेला माणूस आहे."

"असन. हात चांगला आहे त्याचा. मेहनती आहे. पन त्याच्याखाली बंडी नव्हती, बैल नव्हते. खोलीत बसून कोनीबी करन. अन् तरी उशीर केला."

दोन्ही बाजू संपल्यावर तो आत गेला. फळीवरून ऑइलपेंटची नवी डबी आणली. म्हणजे ती त्याने आधीच आणून ठेवली होती. ब्रशाचं टोक ओठांत ओलं केलं आणि खोक्याच्या कोपऱ्यात सावकाश, वळणदार आकडा काढला: २१३. खाली, 'यादोराव लाऊडस्पीकर सर्व्हिस, दरेकसा'.

"बाबा, चुकलं," रंजिता म्हणाली. "शेवटचा दोनशे अकरा होता. हा बारावा."

"नाही चुकलं."

"मंग दोनशे बारा कुठं आहे?"

यादोरावने ब्रश पुसला. अंगणात उभ्या असलेल्या टिकारामकडे, मग अल्काकडे बघितलं.

"तो ह्यांच्या लग्नात वाजला," तो म्हणाला. "त्याचा तवा निघाला नाही, पन नंबर माहा आहे. ह्या अमेरिकेवाल्या गड्याच्या आधीचा."

त्याने पेटीत दोनशे अकराच्या पुढे एका तव्याची जागा बोटाने मोजून मोकळी सोडली, आणि तिच्या पलीकडे नवा तवा उभा केला.