चौथ्या दिवसापासूनची मोजणी

मैत्रिणींनो, आज चाकणहून येताना कंपनीच्या बसमध्ये शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "ताई, मूल व्हावं म्हणून दोन वर्षं तुम्ही सांगितलेला चौदावा दिवस पाळतेय. आमचे हे त्यासाठी नाइट शिफ्टसुद्धा बदलून घेतात."

"मोजतेस कधीपासून?"

"डोक्यावरून पाणी घेतलं की. चौथ्या दिवसापासून. आधीचे कशाला धरायचे?"

पाळी सुरू होते तो पहिला दिवस. तिची पाळी अठ्ठावीस दिवसांची. अंडं सुटायचं साधारण चौदाव्या दिवशी, ही पोचायची सतराव्या. आज समजावलं. बोटं मोजून म्हणाली, "तेव्हाच सांगायचं ना, ताई."

दोन वर्षांपूर्वी तिने विचारलं तेव्हा पुढच्या सीटवर पुरुष होते, म्हणून नुसता आकडा सांगून मी गप्प बसले होते. फार थकल्यासारखं वाटतंय. तुम्हाला हे मोजायला कोणी नीट शिकवलं होतं का?